विमान की मोटार? हिशेब खिशाचा आणि शरीराचा

दिवाळी किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली की घरोघरी एक प्रश्न चर्चेला येतो. मुलगा ठाण्याला नोकरीला, मुलगी कांदिवलीला दिलेली, नातवाचे बारसे तोंडावर आलेले. मग मुंबईला जायचे कसे? पूर्वी याचे उत्तर एकच होते, ते म्हणजे रेल्वे. आता नागपूरहून विमाने सुटतात. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरूनही १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. शिवाय दारात मोटार उभी असते आणि समृद्धी महामार्ग नागपूरपासून थेट ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत मोकळा झाला आहे. तेव्हा घरातील कर्ते मंडळी कागद-पेन्सिल घेऊन बसतात. एका बाजूला तिकिटाचे पैसे, दुसऱ्या बाजूला पेट्रोल आणि टोल. बेरीज होते आणि निर्णय लागतो.

या बेरजेत एक रकाना मात्र नेहमी कोरा राहतो. तो शरीराचा. कंबर, गुडघे, कान, पोटऱ्यांतील रक्तवाहिन्या आणि चालवणाऱ्याची झोप यांचाही प्रवासात खर्च होत असतो. हा खर्च त्या दिवशी कोणी मागत नाही. तो दोन दिवसांनी दवाखान्यात येऊन फेडावा लागतो आणि क्वचित प्रसंगी तो फेडण्याच्या पलीकडचा असतो. म्हणून आज हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहू. उदाहरण नागपूर-मुंबई प्रवासाचे घेतो. आपले गाव थोडे अलीकडे-पलीकडे असेल तर त्याप्रमाणे आकडे कमीजास्त करून घ्यावेत.

खिशाचा हिशेब

समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. लिटरला १५ किलोमीटर चालणारी पेट्रोलची मोटार धरली तर सुमारे ४७ लिटर पेट्रोल लागते. लिटरला १०५ रुपये धरल्यास हे झाले ४,९०० रुपये. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दराने मोटारीचा पूर्ण महामार्गाचा टोल १,४४५ रुपये होतो. मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ मध्ये टोलमाफी मिळाली, त्यामुळे तो खर्च वाचतो. म्हणजे हातातून जाणारी रक्कम साधारण ६,३५० रुपये. पण टायर झिजतात, ऑइल बदलावे लागते, गाडीचे आयुष्य कमी होते. किलोमीटरला फक्त २ रुपये झीज धरली तरी १,४०० रुपये वाढतात. एका वेळचा खरा खर्च पावणेआठ हजारांच्या घरात जातो. गाडीत एक माणूस असो की चार, तो फारसा बदलत नाही.

विमानाचे तसे नाही. तिकिटाचा दर दिवसागणिक बदलतो. हिशेबासाठी माणशी ५,००० रुपये धरू. गावाहून विमानतळापर्यंत भाड्याची मोटार १,५०० रुपये आणि मुंबईत विमानतळावरून घरापर्यंत टॅक्सी ७०० रुपये. एकट्या माणसाचा खर्च ७,२०० रुपये झाला. दोघांचा १२,२०० आणि चौघांचा २२,२०० रुपये.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. एकट्या माणसाने मोटार घेऊन मुंबईला जाणे हे विमानापेक्षा स्वस्त नाही, उलट थोडे महागच पडते. दोघांना मोटार साडेचार हजारांनी स्वस्त पडते. चौघांच्या कुटुंबाला ती जवळजवळ साडेचौदा हजारांनी स्वस्त पडते आणि माणशी खर्च दोन हजारांच्या आत बसतो. सणासुदीला तिकीट आठ-दहा हजारांवर गेले तर हा फरक आणखी वाढतो. त्यामुळे चौघांचे कुटुंब मोटारीकडे झुकते यात नवल नाही. हा साडेचौदा हजारांचा आकडा मात्र लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम आहे.

घड्याळाचा हिशेब

नागपूर-मुंबई विमान हवेत साधारण दीड तास असते. पण त्याआधी गावाहून विमानतळ गाठायला दीड-दोन तास, विमानतळावर किमान दोन तास आधी पोहोचणे, उतरल्यावर सामानाची वाट पाहणे आणि मुंबईतील वाहतूक यांची भर पडते. घराच्या दारापासून मुलाच्या दारापर्यंत सहा ते सात तास सहज जातात. मोटारीने महामार्गाचे आठ तास सांगितले जातात, पण चहा, जेवण, लघवीसाठी थांबणे आणि आमण्यानंतरची कोंडी धरून दहा-अकरा तास होतात.

शरीराच्या दृष्टीने मात्र एकूण तासांपेक्षा सलग किती तास बसलो हे महत्त्वाचे असते. विमानाच्या सहा-सात तासांत आपण चढतो, उतरतो, रांगेत उभे राहतो, लांबलचक गल्ल्यांतून चालतो. जागेवर जखडलेले असतो ते फक्त दीड-दोन तास. मोटारीत, आणि विशेषतः न थांबता पोहोचण्याची हौस असेल तर, आपण एकाच स्थितीत चार-पाच तास काढतो.

विमानात शरीराचे काय होते?

विमान ३०-३५ हजार फुटांवरून उडते. तेथील हवा श्वासाला पुरेशी नसते, म्हणून आतील हवेचा दाब यंत्राने वाढवलेला असतो. तो जमिनीइतका मात्र नसतो. आतील परिस्थिती जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर बसल्यासारखी असते. आपला चिखलदरा सुमारे ३,६०० फूट आणि कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट उंच आहे, यावरून कल्पना यावी. या उंचीवर रक्तातील प्राणवायूचे प्रमाण निरोगी माणसात तीन-चार टक्क्यांनी उतरते. करोनाच्या काळात घरोघरी आलेले ऑक्सिमीटर जमिनीवर ९७-९८ दाखवत असेल, तर विमानात ते ९३-९४ दाखवू शकते. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. ज्याचे प्रमाण घरी बसूनच ९० ते ९२ आहे, अशा जुन्या दमेकऱ्याला किंवा फुप्फुसाच्या रुग्णाला मात्र ही घट सोसत नाही.

दाब कमी झाला की बंद जागेतील वायू फुगतो. विमानात तो सुमारे ३० टक्क्यांनी फुगतो. त्यामुळे पोट गच्च वाटते, कपडे घट्ट होतात. निघण्यापूर्वी वाटाण्याची उसळ, भजी आणि सोडा असलेली पेये टाळावीत ती यासाठीच. पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल तर हाच फुगणारा वायू टाक्यांवर ताण आणतो.

कान दुखणे ही सर्वांत नेहमीची तक्रार. मधल्या कानापासून घशापर्यंत एक अरुंद नळी असते. गिळताना ती क्षणभर उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. विमान खाली उतरताना बाहेरचा दाब वेगाने वाढतो आणि ही नळी सर्दीने सुजलेली असेल तर कान दडे बसून ठणकतो. उपाय साधा आहे. विमान उतरू लागले की झोपू नये. लिमलेटची गोळी चघळावी, घोटभर पाणी गिळत राहावे. तान्ह्या बाळाला त्याच वेळी अंगावर पाजावे. जबर सर्दी असेल तर प्रवास पुढे ढकलणे उत्तम. ते शक्य नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकात टाकायचे थेंब विमान उतरण्याच्या अर्धा तास आधी घालावेत.

विमानातील हवा फार कोरडी असते. आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली जाते. ओठ, डोळे आणि घसा कोरडे पडतात. दीड तासाच्या प्रवासात त्याने बिघडत काही नाही, पण कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा लावावा. विमानातील कोंदट हवेने सर्वांचे आजार सर्वांना लागतात, ही समजूत बरीचशी चुकीची आहे. बहुतेक आधुनिक जेट विमानांत हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते आणि फिरवलेली हवा रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहाच्या दर्जाच्या गाळण्यांतून जाते. शेजारीच खोकणारा माणूस बसला असेल तर मात्र कोणतीही गाळणी मध्ये येत नाही. अशा वेळी मुखपट्टी बरी.

आता बसण्याच्या सोयीविषयी. साध्या वर्गात दोन रांगांमधील अंतर बहुधा २८ ते ३० इंच असते आणि आसनाची रुंदी १७-१८ इंच. सहा फुटी माणसाचे गुडघे पुढच्या आसनाला टेकतात. गुडघ्याचा संधिवात असलेल्यांनी मधल्या वाटेकडील आसन मागून घ्यावे, म्हणजे निदान एक पाय लांब करता येतो आणि उठताना कोणाची मिनतवारी करावी लागत नाही. प्रोस्टेटचा किंवा वारंवार लघवीचा त्रास असणाऱ्यांनाही हीच जागा योग्य. खिडकीचा हट्ट नातवंडांना करू द्यावा.

मोटारीत शरीराचे काय होते?

मोटारीचे सुख डोळ्यांना दिसते. आसन मागेपुढे होते, गार हवा आपल्या हाती, हवे तेथे थांबता येते, डबा सोबत नेता येतो. आजारी माणसाला स्वतःची उशी आणि स्वतःची वेळ मिळते. हे सर्व खरे आहे.

परंतु बसणे ही क्रिया कंबरेला वाटते तितकी आरामाची नाही. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील चकत्यांवरचा दाब प्रत्यक्ष सुईने मोजला. त्यात असे आढळले की पाठीला आधार न देता बसले तर हा दाब उभे राहण्यापेक्षाही जास्त असतो. मोटारीत त्यात रस्त्याच्या बारीक हादऱ्यांची भर पडते. म्हणून दहा तासांच्या प्रवासानंतर कंबर धरते. यावर उपाय म्हणजे आसनाची पाठ काटकोनात न ठेवता किंचित मागे कलती ठेवावी, कंबरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि मागच्या खिशातील पैशाचे पाकीट काढून ठेवावे. जाड पाकिटावर बसल्याने पायात कळा येणारे रुग्ण आम्हा डॉक्टरांना नवे नाहीत.

काहींना गाडी लागते. डोळे पुस्तकावर किंवा मोबाइलवर आणि कान मात्र हालचाल सांगत असतात, या विसंवादातून मळमळ होते. अशांनी पुढे बसावे, दूर क्षितिजाकडे पाहावे, निघण्यापूर्वी हलके खावे. उपाशी पोटी निघणेही वाईट. विमानात हाच त्रास होणाऱ्यांनी पंखाजवळचे आसन घ्यावे, तेथे हेलकावे कमी जाणवतात. उलटी थांबवणाऱ्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते. तेव्हा प्रवाशाने ती घेतली तर चालेल, चालवणाऱ्याने कदापि घेऊ नये. सर्दी-खोकल्याच्या कित्येक औषधांचीही हीच गोष्ट आहे.

डुलकी : मोटारीचा खरा शत्रू

मोटारीचा सारा स्वस्तपणा एका माणसाच्या झोपेवर उभा आहे, तो म्हणजे चालवणारा. सरळ, रुंद, वळणे नसलेल्या रस्त्यावर मेंदूला काम उरत नाही. डोळे उघडे असतात, हात चाकावर असतात आणि मन मात्र सुन्न होत जाते. यालाच महामार्ग संमोहन म्हणतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे दोन-चार सेकंदांची डुलकी. ती आली होती हे पुष्कळदा चालवणाऱ्यालाही कळत नाही. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगमर्यादा आहे. या वेगाने मोटार ३ सेकंदांत १०० मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला म्हणजे शंभर मीटर गाडी चालकाविना धावली.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे कौशल्य, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके घसरते, असे त्यांनी दाखवले. आपल्या कायद्याने चालकाला रक्तात ०.०३ टक्के इतकीच मर्यादा आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून, दिवसभर दुकान किंवा कार्यालय सांभाळून, रात्री अकराला ‘रस्ता मोकळा मिळेल’ म्हणून मुंबईला निघणारा गृहस्थ थेंबभरही न घेता कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो.

शरीराचे घड्याळ दोन वेळा झोप मागते. एक मध्यरात्रीनंतर दोन ते सहा आणि दुसरी दुपारी जेवणानंतर दोन ते चार. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वैजापूरजवळ मिनीबस ट्रकवर आदळून १२ जण दगावले. प्रत्येक अपघाताची कारणे निरनिराळी असतात, पण हे दोन्ही मध्यरात्रीनंतरचे होते, हे विसरू नये.

चहा, गाणी, खिडकीची काच खाली करणे, तोंडावर पाणी मारणे यांनी झोप जात नाही, ती थोडी लांबते. झोपेवर उपाय झोपच. गाडी सुरक्षित थांब्यावर नेऊन १५-२० मिनिटे डोळे मिटावेत, त्याआधी कपभर कॉफी घ्यावी. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला तेवढाच वेळ लागतो. घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या स्थूल व्यक्तींनी तर लांबच्या प्रवासात चाक हाती घेण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. झोपेत श्वास अडकण्याचा आजार त्यांना असू शकतो.

पायातील गुठळी : बसण्याचा रोग

विमानाविषयी एक भीती सुशिक्षितांत पसरलेली आहे. विमानात पायात रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात जाऊन माणूस दगावतो, असे ते वाचतात. इंग्रजीत याला विमानातील स्वस्त वर्गाच्या आसनांवरून नाव पडले, त्यामुळे दोष विमानाच्या माथी गेला. खरा दोष बसण्याचा आहे.

याचा इतिहास विमानप्रवास सर्वसामान्य होण्याच्या आधीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना लोक रात्रभर तळघरांत कापडी खुर्च्यांवर बसून काढत. तेव्हा फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू वाढल्याचे १९४० मध्ये डॉ. कीथ सिम्प्सन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले. १९५४ मध्ये बोस्टनचे शल्यविशारद जॉन होमन्स यांनी दीर्घकाळ बसल्याने झालेल्या गुठळ्यांचे रुग्ण वर्णन केले. त्यांत विमानाचे प्रवासी होते तसेच मोटारीचेही होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने या विषयाचा अभ्यास करवून २००७ मध्ये निष्कर्ष दिला की चार तासांहून अधिक प्रवासानंतर गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो आणि हे विमान, रेल्वे, बस, मोटार सर्वांना लागू आहे. तरीही एकूण धोका लहानच, म्हणजे सुमारे सहा हजार प्रवाशांत एक, असे त्या अभ्यासाने सांगितले.

कारण समजून घ्यावे. पायातील अशुद्ध रक्त वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते पंपासारखे दाबले जातात. बसून राहिल्यावर हा पंप बंद पडतो, गुडघ्यामागे रक्तवाहिनी दुमडते आणि रक्त साचते. आता आपलेच उदाहरण घ्या. नागपूर-मुंबई विमान दीड तासाचे, म्हणजे चार तासांच्या आतले. मोटार दहा तासांची. तेव्हा या मार्गावर गुठळीची काळजी करायचीच असेल तर ती विमानात नव्हे, मोटारीत करायला हवी. मुंबईहून पुढे अमेरिकेला मुलाकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी ती दोन्हीकडे करावी, कारण दहा तास मोटारीत बसून लगेच १५-१६ तास विमानात बसणे म्हणजे धोक्यावर धोका. त्यांनी मुंबईला एक दिवस आधी पोहोचून विश्रांती घ्यावी.

ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत, नुकतेच बाळंतपण किंवा कंबर-गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा ज्या भगिनी संततिनियमनाच्या हार्मोनच्या गोळ्या घेतात, त्यांना धोका अधिक. प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर तेल चोळून मालिश करू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी धाप लागली किंवा छातीत कळ आली तर थेट रुग्णालय गाठावे.

भीती कशाची बाळगावी?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले आणि विमानातील २४२ पैकी २४१ जण मृत्युमुखी पडले. ते चित्र डोळ्यांपुढून हलत नाही आणि त्यानंतर कित्येकांनी विमानाचे नावच टाकले. दुःख खरे, भीतीही स्वाभाविक. पण आकडे शांतपणे पाहावेत. त्यापूर्वीचे मोठे अपघात म्हणजे २०१० मध्ये मंगळूर, १५८ मृत्यू, आणि २०२० मध्ये कोळिकोड, २१ मृत्यू. याउलट सरकारी अहवालानुसार एकट्या २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, म्हणजे दिवसाला सरासरी ४६० हून अधिक. विमानाचा अपघात एकदम होतो म्हणून पहिल्या पानावर येतो. रस्त्यावरचा रोज थोडा थोडा होतो म्हणून आतल्या पानात जातो.

यातून मोटारीने जाऊ नये असा अर्थ काढू नये. मोटारीतील धोका बराचसा आपल्या हातात आहे, एवढाच अर्थ घ्यावा. वेग, झोप, टायर आणि पट्टा या चार गोष्टी पाळल्या तर तो पुष्कळ घटतो. पट्टा मागच्या आसनावरही लावायचा असतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. गाडी किती भारी होती याचा तेथे उपयोग झाला नाही. लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसण्याची आपल्याकडील पद्धतही अत्यंत घातक आहे.

कोणी कशाने जावे?

हृदयविकार : झटका येऊन गेला असेल तर किमान ७ ते १० दिवस आणि बायपास झाली असेल तर किमान १० ते १४ दिवस विमानप्रवास टाळावा. नंतरही आपल्या डॉक्टरांनी परवानगी दिली तरच जावे. घरगुती कसोटी अशी : नेहमीच्या चालीने ५० मीटर चालता आले किंवा एक जिना चढता आला आणि फार धाप लागली नाही, छातीत दुखले नाही, तर विमान बहुधा सोसते. ही कसोटी डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय नाही.

गर्भवती : गुंतागुंत नसेल तर एका बाळाच्या गर्भारपणात ३६ आठवड्यांनंतर आणि जुळे असेल तर ३२ आठवड्यांनंतर विमान नको. त्याआधीही विमान कंपनी डॉक्टरांचा दाखला मागते, नियम कंपनीगणिक वेगळे असतात, ते तिकिटापूर्वी विचारावेत. मोटारीत पट्ट्याचा खालचा भाग पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या वरून घ्यावा.

शस्त्रक्रियेनंतर : पोटाची किंवा छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली असल्यास साधारण १० दिवस विमान नको. हाडाला नवे प्लास्टर असेल तर पहिले दोन दिवस थांबावे, कारण विमानात सूज वाढून प्लास्टर काचते.

दमा आणि फुप्फुसाचे जुने विकार : ऑक्सिमीटरचा आकडा कमी असणाऱ्यांनी विमानापूर्वी तपासणी अवश्य करावी. स्वतःचे ऑक्सिजनचे नळकांडे विमानात नेता येत नाही. त्याची व्यवस्था विमान कंपनीशी आधी बोलून करावी लागते. अशांना मोटार किंवा रेल्वे बरी.

मधुमेह : इन्सुलिन आणि गोळ्या हातातील पिशवीतच ठेवाव्यात. खाली दिलेले सामान उशिरा येते किंवा हरवते आणि तेथे इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. मधुमेही चालकाने जेवणाची वेळ चुकवू नये. साखर उतरली तर तीही डुलकीसारखीच घात करते.

कर्करोगाचे रुग्ण : परळच्या टाटा रुग्णालयात आपल्या भागातून अनेक जण जातात. महिन्या-महिन्याला जायचे तर विमान परवडत नाही आणि केमोथेरपीनंतर दहा तास मोटारीत बसवत नाही. या मंडळींसाठी रेल्वेचा बर्थ सर्वांत चांगला. आडवे होता येते, उठून चालता येते, शौचालय हाताशी असते. उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णांना आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वे भाड्यात सवलत देते. त्यासाठीचा दाखला रुग्णालयातून मागून घ्यावा. इतर वृद्धांनीही ‘सेवाग्राम’ किंवा ‘विदर्भ’ एक्स्प्रेस मागासलेली समजू नये. शरीराच्या हिशेबात रात्रभर आडवे होऊन केलेला प्रवास विमान आणि मोटार दोघांनाही मागे टाकतो.

निघण्यापूर्वी एवढे पाहावे

१. मोटारीने जायचे तर आदल्या रात्री चालवणाऱ्याने सात तास झोप घ्यावी. पहाटे उजाडल्यावर निघावे, रात्री निघू नये.

२. दर दोन तासांनी १० मिनिटे थांबून सर्वांनी पायी फिरावे. समृद्धीवर जुन्या रस्त्यासारखे पावलोपावली ढाबे नाहीत, म्हणून थांबे आधीच ठरवावेत. पाणी, पोळी-भाजी आणि औषधे सोबत असावीत.

३. विमानात आणि मोटारीत बसल्या जागी टाच टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाच वर, असे तासाला २०-२५ वेळा करावे. पायावर पाय टाकून बसू नये.

४. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी न पिणे ही विशेषतः भगिनींची सवय. तिने रक्त दाट होते आणि मूत्रमार्गाचा दाह होतो. पाणी प्यावे आणि थांबावे.

५. टायरची हवा थंड असताना तपासावी. जुने, तडे गेलेले टायर घेऊन सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर वेगाने जाऊ नये.

६. चालता न येणाऱ्या वृद्धांसाठी विमानतळावरची चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी.

आता त्या साडेचौदा हजारांकडे वळू. चौघांचे कुटुंब मोटारीने गेले की एका बाजूच्या प्रवासात एवढी रक्कम वाचते. त्यातील दोन-तीन हजार रुपये छत्रपती संभाजीनगर किंवा शिर्डीला एका रात्रीच्या मुक्कामावर खर्च करावेत, किंवा अनुभवी दुसरा चालक सोबत घ्यावा. तरीही अकरा-बारा हजार शिल्लक राहतात आणि चालवणारा ताजातवाना राहतो. हे दोन-तीन हजारही वाचवावेत असे ज्याला वाटते, त्याची मोटार स्वस्त नाही. आणि एकट्यानेच जायचे असेल, तर वरचा हिशेब पुन्हा एकदा वाचावा. तिकीट वेळेवर मिळाले तर विमान खिशालाही जड नाही आणि अंगालाही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसाल तेव्हा पेट्रोल, टोल आणि तिकिटाच्या खाली आणखी दोन ओळी लिहा : घरात कोणाला कोणता आजार आहे आणि गाडी चालवणारा काल किती तास झोपला. या दोन ओळींची उत्तरे आधी लिहावीत, बेरीज मग करावी.